न मागता आलेलं



दोन वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात माताजींसमोर परिग्रह-परिमाणाचा नियम घेतला, तेव्हा घरी येऊन मी एका वहीत सगळं मोजून लिहिलं होतं. साड्या किती, भांडी किती, सोनं किती. यंत्रांना एक वेगळं पान दिलं होतं. फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन, टीव्ही, कॉम्प्युटर, प्रत्येकी एक. नवं आलं की जुनं घराबाहेर जायचं, एवढा साधा हिशेब.

यंदा श्रावणात कॉम्प्युटरची पाळी आली. आमचा जुना होता २०१३ चा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ काही त्या डब्यात बसेना. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, ती जुन्यात नव्हती. महिला मंडळाचा जमाखर्च आणि सगळ्या सभासदांचे पत्ते-फोन त्यावर, त्यामुळे ‘चालतंय तोवर चालू दे’ म्हणायची हिंमत होईना. नवा आणला, जुना दिला. वहीत खाडाखोडसुद्धा करावी लागली नाही.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारी बसून शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, “एक गेला, एक आला, ते बरोबर. पण त्या नव्याच्या पोटात काय काय आलंय ते मोजलंस का?”

मी हसून विषय सोडून दिला. कॉम्प्युटरच्या पोटातलं कोण मोजतं?

लेकीने आईंना एक गोष्ट शिकवली होती. पडद्यावरच्या एका चित्रावर दोनदा टिचकी मारली की प्रवचन सुरू होतं. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखतात, दुपारी बस्तीत जाणं होत नाही. त्यामुळे दुपारी दोन वाजता त्या चष्मा पुसून, पदर सावरून, पाट्यावर बसावं तशा ताठ खुर्चीवर बसायच्या आणि एका बोटाने माउस दाबायच्या. प्रवचन सुरू झालं की माझ्याकडे वळून अशा बघायच्या, जणू गिरणी सुरू केली.

आठ दिवस हे चाललं आणि मग थांबलं. विचारलं तर म्हणाल्या, डोळे चुरचुरतात. मी गुलाबपाणी दिलं. तीन दिवसांनी मी मंडळाचा हिशेब लिहायला बसले तेव्हा कारण कळलं. उजव्या कोपऱ्यातून एक लाल चौकोन सर्रकन वर आला. मोठं उद्गारचिन्ह, आणि इंग्रजीत मजकूर, की तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, संरक्षण संपत आलंय, आत्ताच पैसे भरा. नव्या कॉम्प्युटरसोबत महिनाभरासाठी फुकट आलेला तो अँटिव्हायरस होता. महिना संपत आला होता आणि कंपनी दारात उभी राहून कडी वाजवत होती.

आईंना इंग्रजी येत नाही, पण लाल रंग आणि ते चिन्ह कळायला इंग्रजी कशाला लागतं? त्यांना वाटलं, आपल्या हाताने काहीतरी बिघडलं. पन्नास हजारांची वस्तू आपण मोडली. मुलाला काय सांगायचं? म्हणून गप्प बसल्या, आणि स्वाध्याय सोडून दिला.

मला त्या रात्री झोप आली नाही. चिडले होते त्या कंपनीवर, पण त्याहून जास्त स्वतःवर. आईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

आपण परिग्रह म्हटलं की शेत, घर, सोनं, धान्य, भांडीकुंडी असा दहा बाह्य परिग्रहांचा विचार करतो. मोजायलाही तेच सोपे. पण अंतरंग परिग्रह चौदा सांगितलेत. मिथ्यात्व, चार कषाय आणि नऊ नोकषाय. नोकषायांत हास्य, रति, अरति, शोक, भय, जुगुप्सा आणि तीन वेद येतात. पाठशाळेत आपण हे घडाघडा म्हणायचो. त्यात भय आहे, हे मला त्या रात्री नव्याने आठवलं. भय हासुद्धा परिग्रह. आणि तो आमच्या घरात पन्नास हजार मोजून, खोक्यात बंद करून, आम्हीच आणला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वही-पेन्सिल घेऊन बसले आणि पोटातलं मोजलं. तुम्हाला करायचं असेल तर अवघड नाही. सेटिंग्ज उघडायचं, त्यात अ‍ॅप्स, त्यात इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स. सगळी यादी समोर येते. आमच्याकडे त्रेसष्ट नावं निघाली. आमच्या घरात कॉम्प्युटरची कामं चार. मंडळाचा हिशेब, लेकीचा अभ्यास, आईंचा स्वाध्याय आणि बेळगावच्या नणंदबाईंशी व्हिडिओवर बोलणं.

ह्यांचं म्हणणं वेगळंच. “अगं, पैसे त्यातच धरलेत. राहू दे की, खायला मागतंय का?” मैत्रिणींनो, हे वाक्य ओळखीचं आहे ना? वाणात आलेले प्लास्टिकचे डबे, साबणावर फुकट आलेली बादली, साडीच्या दुकानातल्या पिशव्या, सगळं ह्याच वाक्याच्या जोरावर माळ्यावर जाऊन बसतं. पण कॉम्प्युटरमधलं फुकटचं खरोखर खायला मागतं! कॉम्प्युटर सुरू केला की त्यातले काही कार्यक्रम आपोआप उठतात आणि मागे चालू राहतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो, त्यात ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’मध्ये कोण कोण सकाळी उठून बसतं ते दिसतं. आमच्याकडे अकरा जण उठत होते. त्यातल्या दोघांना आम्ही ओळखत होतो.

मग एकेकाला काढायला घेतलं. नावापुढे तीन टिंबं असतात, त्यावर दाबलं की ‘अनइन्स्टॉल’ येतं. पहिला मान अर्थातच त्या अँटिव्हायरसला. जाता जातासुद्धा त्याने दोनदा विचारलं, खरंच जाऊ का, अर्ध्या किमतीत राहतो. लेक म्हणाली, “आई, हा अगदी सेलमधल्या साडीवाल्यासारखा बोलतोय!” तो गेल्यावर कॉम्प्युटर उघडा पडेल अशी मला धास्ती होती. तसं होत नाही. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आत असतोच, दुसरा अँटिव्हायरस बसलेला असेल तर तो मागे सरतो आणि दुसरा गेला की आपोआप कामाला लागतो. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून हिरवी खूण आहे का ते मात्र डोळ्यांनी बघून घ्या. मी तीनदा बघितली.

मग खेळ. पत्त्यांचा एक, गोळ्या फोडायचा एक. गंमत म्हणजे स्टार्टच्या पानावर दिसणारी काही चित्रं नुसती पाटी असतात, आत दुकान नसतंच. आपण दाबलं की मग तो कार्यक्रम इंटरनेटवरून उतरतो. तेही काढले. मग खालच्या डाव्या कोपऱ्यातली ती हवामान आणि बातम्यांची पट्टी. माउस चुकून तिकडे गेला तरी अर्धा पडदा भरून अपघात, भांडणं, नटनट्यांचे घटस्फोट. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात टास्कबार, तिथे ‘विजेट्स’ बंद केलं की पट्टी जाते. मी वहीत प्रत्येकापुढे त्याचा नोकषाय लिहीत होते. खेळापुढे रति, बातम्यांपुढे अरति आणि शोक, अँटिव्हायरसपुढे भय. लेकीला हा प्रकार फार आवडला. तिने खरेदीच्या अ‍ॅपपुढे स्वतःच लोभ लिहिलं. तो नोकषाय नव्हे, कषाय, हे मी तिला सांगितलं. म्हणाली, “मग ह्याला आधी काढ.”

इथपर्यंत सगळं छान होतं. इथेच थांबायला हवं होतं.

पण काढण्याचीही एक धुंदी चढते. माळा आवरताना नाही का होत? आधी खोकी जातात, मग डबे, आणि शेवटी आपण सासरच्या मंडळींचं काहीतरी महत्त्वाचं भंगारात देऊन मोकळ्या होतो. लेक क्लासला गेली आणि मी एकटी पुढे काढत बसले. जे नाव कळलं नाही ते नको असणार, असा माझा न्याय. ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस’ नावाच्या चार-पाच ओळी होत्या, त्यांच्यावर हात होताच, पण फोन वाजला म्हणून राहून गेल्या. नशीब! ते इतर कार्यक्रमांना लागणारं सामान असतं, ते काढलं तर चांगले चालणारे कार्यक्रम अडून बसतात. त्याआधी मी दुसरंच एक काढून ठेवलं होतं, आणि तो निघाला आवाजाचा ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे यंत्राच्या भागांना कसं चालायचं ते सांगणारा कार्यक्रम.

चार वाजता मी मोठ्या ऐटीत आईंना बोलावलं. “या आई, आता लाल काही येणार नाही.” आई आल्या, बसल्या, टिचकी मारली. पडद्यावर पंडितजींचे ओठ हलतायत आणि आवाज नाही. आईंनी हात मागे घेतला आणि माझ्याकडे बघितलं. “मी काही केलं नाही हं,” म्हणाल्या.

ते ऐकून मला जे वाटलं ते लिहिता येणार नाही. जी भीती काढायला मी दुपारभर बसले होते, ती मीच परत त्यांच्या हातात दिली. “आई, तुम्ही नाही, मी केलं,” एवढं कसंबसं म्हणाले. लेकीने घरी आल्यावर मदरबोर्डच्या कंपनीच्या पानावरून तो ड्रायव्हर परत उतरवून बसवला. वीस मिनिटांत आवाज आला. आणि मला ताकीद मिळाली, नाव माहीत नसेल तर आधी विचारायचं, मग काढायचं. चार मानांतला माझा मान त्या दिवशी बराच उतरला (चार कषायांतला म्हणायचं होतं, पण असू दे, चार पायलीतला म्हटलं तरी चालेल).

सॉफ्टवेअरचं हे झालं. बाहेरच्या वस्तूंचं प्रकरण वेगळं, आणि माझ्यासाठी जास्त गंभीर.

डब्याला पुढे तीन पंखे, आणि त्या पंख्यांत रंगीत दिवे. लाल, निळा, जांभळा, सतत फिरणारे. आम्ही मागितले नव्हते, हल्ली असेच डबे येतात म्हणे. पोरांना आवडतात. भाद्रपद तोंडावर आलेला, पावसाची झड, खिडकीबाहेर अंधार झाला की दिव्यावर पाखरं येणारच. आपल्या घरात आपण दिवेलागणीला काळजी घेतो, जेवणं सूर्यास्ताआधी उरकतो, पाणी गाळून घेतो. आणि एका सकाळी फडक्याने डबा पुसताना पुढच्या जाळीत मला चिलटं दिसली. सात-आठ असतील. दिव्याने बोलावलं आणि पंख्याने ओढून घेतलं. एक अजून पाय हलवत होतं.

जगायला लागतं म्हणून आपल्या हातून जी हिंसा घडते तिचं आपण रोज प्रतिक्रमण करतो. पण ही कशासाठी? रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत, त्यातला प्रमादचर्या हा मला नेहमी दूरचा वाटायचा. कारण नसताना जमीन खणणं, पाणी सांडणं, झाडं तोडणं. आपण कुठे असं करतो? तर हे इथे, बैठकीच्या कोपऱ्यात, रोज रात्री चालू होतं.

दुकानातल्या मुलाला बोलावलं. स्वतः डबा उघडायला जाऊ नका, वॉरंटीचं स्टिकर असतं, ते फाटलं की पुढे वाद. तो आला, प्लग काढला, धातूच्या भागाला हात लावून घेतला (अंगातली स्थिर वीज उतरायला) आणि बाजूचं पान उघडलं. मी म्हटलं, पंखेच काढून टाक. तो हसला. “काकू, पंखा नसेल तर आतला गरम होऊन बंद पडेल. दिव्याची वायर वेगळी आहे, तेवढी काढतो.” पंखा चालू, दिवा बंद. एवढ्यानेच रात्री पाखरं यायची थांबली. पंख्यांपुढे त्याने चुंबकाने चिकटणारी बारीक जाळी लावून दिली, त्यामुळे धूळही अडते आणि जीवही आत ओढला जात नाही. आता दर रविवारी कॉम्प्युटर सुरू करण्याआधी मी मऊ ब्रशने जाळी हलकेच झाडते. आधी टिचकी मारून थोडं थांबायचं, कोळी-मुंगी असेल तर तिला जायला वेळ मिळतो.

मागच्या बाजूला एक पट्टीची फट उघडी होती. तिच्याकडे तुम्हीही नक्की बघा. आत ऊब असते, मुंग्या घर करतात, पाल शिरते आणि मग वीज किंवा पंखा. त्याने तिथे पत्र्याची पट्टी बसवली, पाच मिनिटांचं काम.

“अजून काय काढायचं?” त्याने विचारलं. दिव्यांचा कीबोर्ड ‘भेट’ म्हणून आला होता, तो परत दिला. साधा द्या म्हटलं. आणि मग मी पुढच्या डीव्हीडीच्या खाचेकडे बोट केलं. तोही आम्ही सांगितला नव्हता, दुकानदाराने “असू द्या वहिनी” म्हणून बसवून दिला होता. “आता डीव्हीडी कोण लावतं? काढ आणि तिथे झाकण लाव. आणि नेशील तो नीट दे, भंगारवाल्याला नको, ते वायरी जाळतात.” त्याने पेचकस हातात घेतला.

“थांब रे,” आई आतून म्हणाल्या.

त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत त्यांच्या खोलीत गेल्या. कपाटाचं दार वाजलं, बराच वेळ काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात बुंदीच्या लाडवांचा जुना पत्र्याचा डबा होता. आत कागदात गुंडाळलेल्या दहा सीडी. प्रत्येकीवर निळ्या शाईने आकडा, एक ते दहा. अक्षर मामंजींचं.

दशलक्षणात आपल्याकडे रोज तत्त्वार्थसूत्राच्या एकेका अध्यायाचं वाचन होतं, दहा दिवस दहा अध्याय. मामंजी शेवटच्या वर्षी बस्तीत जाऊ शकले नाहीत. घरातच खाटेवर बसून ते अर्थ सांगायचे आणि आईंच्या भावाने ते रेकॉर्ड करून घेतलं होतं. माझं लग्न त्यानंतरचं, त्यामुळे मला हे माहीतच नव्हतं. जुन्या कॉम्प्युटरची खाच कधीचीच बिघडलेली. आईंनी अकरा वर्षं तो डबा साड्यांखाली ठेवला होता आणि कुणाला काही म्हटलं नव्हतं.

“मला वाटलं, आता ते लागत नाहीत,” म्हणाल्या.

मुलाने पेचकस खिशात ठेवला. सातवी सीडी लावली, कारण ती वर होती. आधी नुसती खरखर. मग कुणीतरी खाकरलं. मागे घड्याळाचे ठोके, कुठेतरी कुकरची शिट्टी, आणि मग एक बारीक, थकलेला आवाज. सातव्या अध्यायात व्रतं येतात आणि परिग्रहाची व्याख्याही तिथेच येते, की वस्तू म्हणजे परिग्रह नव्हे, तिच्यावर जडलेली मूर्च्छा म्हणजे परिग्रह. मामंजी तेच समजावत होते. मध्येच थांबून म्हणाले, “अगं, पाणी दे जरा.” आणि आई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

कुणीच काही बोललं नाही. दुकानातला मुलगा चहाचा कप तसाच धरून बसला होता.

त्या आठवड्यात लेकीने सगळ्या सीडी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि एक प्रत पेन ड्राइव्हमध्ये केली. नऊ नीट उतरल्या. तिसरीवर ओरखडा आहे, अर्ध्यावर जाऊन अडते. मुलगा म्हणाला, एखाद्या वेळी दुसऱ्या ड्राइव्हवर चालते, किंवा हळू गतीने वाचायला लावून बघू. रविवारी येणार आहे.

पडद्यावर आता सहा चित्रं आहेत. दोन वाजता आई बसतात, हल्ली टिचकी मारल्यावर माझ्याकडे बघत नाहीत. यंत्रांच्या पानावर कॉम्प्युटरच्या खाली मी ‘डीव्हीडी ड्राइव्ह, एक’ असं लिहून ठेवलंय. आईंनी त्यापुढे पेन्सिलीने लिहिलंय, ‘तिसरी उतरेपर्यंत’.